अर्थाची वहिवाट

पवना नदीच्या एका तीरावर पिंपरीचे कारखाने आणि दुसऱ्या तीरावर काळेवाडीस लागून असलेली रहाटणी. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज उद्योगनगरीत इतके मिसळून गेले आहे की त्याची जुनी शीव कोठे संपते हे नव्याने राहावयास आलेल्यास सांगता यावयाचे नाही. परंतु या गावाभोवती पंधरा-वीस किलोमीटरांचे वर्तुळ कल्पिले, तर त्यात येणारी स्थळे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास थांबवून धरणारी आहेत. ईशान्येस आळंदी, जेथे गीतेच्या एका महान भाष्यकाराने १२९६ साली समाधी घेतली; उत्तरेस देहू, जेथे वेदपठणाचा अधिकार नाकारलेल्या एका कुणब्या-वाण्याने वेदांच्या अर्थावर मात्र आपला हक्क निःशंकपणे सांगितला; वायव्येस देहूरोड, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आणि अगदी शेजारी चिंचवड, जेथील मोरया गोसावींच्या संस्थानास निरनिराळ्या राजवटींनी इनामांच्या सनदा करून दिल्या. भाष्य, अभंग, धम्म आणि सनद ही चार प्रकारची वाङ्मये दिसावयास कितीही भिन्न असली, तरी चारही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो: पूर्वी उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ आज कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कसोटीने ठरवावयाचा? युरोपात या प्रश्नाच्या शास्त्रास ‘हर्मेन्यूटिक्स’ म्हणतात. या प्रकरणात आपण त्यास व्याख्यामीमांसा म्हणू.

प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे या परिसरातील कोणत्याही गावच्या हरिनाम सप्ताहात ध्यानात येते. पारायणास बसलेल्या मंडळींत मूळचे गावकरी असतात, तसेच बीड, लातूर, जळगाव अशा जिल्ह्यांतून कारखान्यांत कामास आलेलेही असतात. ते वाचतात ती ज्ञानेश्वरी. कृष्णाने अर्जुनास सांगितलेले, संजयाने धृतराष्ट्रास निवेदिलेले, व्यासांनी ग्रथित केलेले असे जे वचन, त्याचा भाव शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवाशास ज्ञानदेवांनी मराठी श्रोत्यांपुढे उकलला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्याचा पाठ शुद्ध केला. आणि रात्री कीर्तनकार त्यातील एखादी ओवी घेऊन दिवसपाळी करून आलेल्या श्रोत्यास तिचा अर्थ सांगतो. आता यांपैकी खरा अर्थ कोणता? एक उत्तर असे की सर्वांत तळाशी असलेला तोच खरा आणि वरचे सारे थर निपटून काढावयाचे. दुसरे उत्तर असे की तळाशी काहीच नाही, ज्याने जो घेतला तो त्याचा अर्थ. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत हे शोधण्यातच या शास्त्राचा बहुतेक इतिहास खर्ची पडला आहे.

त्या इतिहासाचा युरोपीय भाग थोडक्यात सांगता येतो. सोळाव्या शतकात ल्यूथरने बायबलचा अर्थ लावण्याची चर्चची मक्तेदारी नाकारली, आणि ग्रंथ स्वतःच स्वतःचा अर्थ सांगण्यास समर्थ आहे असा पक्ष मांडला. पण ग्रंथात दुर्बोध स्थळे आहेत ही गोष्ट विरोधक रोज दाखवून देत असल्यामुळे वाचनाचे नियम लिहून काढणे प्रॉटेस्टंटांस भाग पडले. मॅथियास फ्लॅकियस याचा या विषयावरील ग्रंथ १५६७ सालचा. १६७० साली स्पिनोझाने आणखी पुढची पायरी गाठली: धर्मग्रंथाचा अर्थ लावताना तो सत्य आहे असे आधी गृहीत धरू नये, त्याची भाषा, त्याचे कर्ते आणि त्याचा काळ यांची चौकशी करून मगच वाक्याचा अर्थ ठरवावा, आणि वाक्याचा अर्थ व वाक्याची सत्यता या दोन बाबी कधीही एकत्र कालवू नयेत. आधुनिक ग्रंथचिकित्सेचे बीज या दंडकात आहे.

बर्लिनमध्ये धर्मशास्त्राचा अध्यापक आणि प्लेटोचा जर्मन अनुवादक असलेल्या श्लायरमाखर याने (१७६८-१८३४) नियमांची ही फुटकळ सामग्री एका सर्वसाधारण शास्त्राच्या पदवीस नेली. तोपर्यंत समज असा होता की वाचताना अर्थ आपोआप कळतो आणि अडले तेवढ्यापुरते शास्त्र लागते. श्लायरमाखर म्हणाला की वस्तुस्थिती उलट आहे: गैरसमज हाच आपोआप होतो, आणि समज मात्र पदोपदी प्रयत्नाने मिळवावी लागते. तिच्यासाठी भाषेचे ज्ञान हवे आणि लेखकाच्या मनात शिरण्याची शक्तीही हवी. पुढे डिल्टायने (१८३३-१९११) हाच विचार इतिहास, कायदा, साहित्य अशा साऱ्या मानव्यविद्यांचा पाया म्हणून मांडला. निसर्गाचे आपण स्पष्टीकरण करतो, मनुष्याच्या कृतींचे आकलन करतो, हा त्याचा भेद प्रसिद्धच आहे. हायडेगरने १९२७ च्या ‘अस्तित्व आणि काल’ या ग्रंथात प्रश्नाची जागाच बदलली. आकलन ही पंडिताने ग्रंथावर करावयाची क्रिया आहे असे तो मानीत नाही. मनुष्य जगात वावरतो तोच मुळी काहीतरी समजून वावरतो, आणि कोणतीही गोष्ट समजून घेण्यापूर्वी तिच्याविषयी काही पूर्वसमज त्याच्याजवळ असतेच. त्याचा शिष्य हान्स-गेओर्ग गाडामर (१९०० ते २००२, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक आयुष्य) याने साठाव्या वर्षी, १९६० साली, ‘सत्य आणि पद्धती’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि व्याख्यामीमांसेस आज जे तात्त्विक रूप आहे ते मुख्यतः या ग्रंथामुळे आले.

गाडामरचे म्हणणे ऐकण्यापूर्वी आपल्याकडील एका शास्त्राकडे वळले पाहिजे, कारण मराठी वाचकास या विषयात शिरण्याचा तो अधिक जवळचा मार्ग आहे, आणि आमच्या महाविद्यालयांतून जर्मन नावे पाठ करणाऱ्यांस तो क्वचितच दाखविला जातो याचे मला मनस्वी वाईट वाटते. जैमिनीची सूत्रे, त्यांवरील शबराचे भाष्य आणि सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल व प्रभाकर हे दोन प्रतिस्पर्धी आचार्य यांनी उभारलेली पूर्वमीमांसा हे वाक्यार्थाचेच शास्त्र आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंदसरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ १९५२ पासून सात खंडांत प्रसिद्ध केला, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या अखेरच्या खंडात मीमांसेच्या नियमांचे विस्तृत विवेचन केले. एवढी सामग्री हाताशी असता तिचा उपयोग न करणे हे दारिद्र्य आपण होऊन ओढवून घेतलेले आहे.

अंश आणि समग्र यांचा प्रश्न घ्या. समग्र ग्रंथ कळल्याशिवाय त्यातील वाक्य नीट कळत नाही, आणि वाक्ये कळल्याशिवाय समग्र ग्रंथ कळण्याचा संभव नाही; या चक्रास युरोपीय अभ्यासक व्याख्येचे वर्तुळ म्हणतात. कुमारिल आणि प्रभाकर यांचा वाद नेमका येथे लागतो. कुमारिलाच्या मते प्रत्येक पद आपापला अर्थ आधी सांगते आणि मग ते अर्थ परस्परांशी जोडले जाऊन वाक्यार्थ सिद्ध होतो. प्रभाकराच्या मते सुटे पद असा काही अर्थ सांगतच नाही. पदाचा अर्थ नेहमी दुसऱ्या पदांशी जोडलेलाच कळतो. त्याचा दाखला लहान मुलाचा आहे. घरातील एक वडीलधारा दुसऱ्यास म्हणतो, गाय आण, तो गाय आणतो, मग म्हणतो, गाय बांध, तो बांधतो, पुढे घोडा आणावयास सांगतो. हे सारे पाहत बसलेल्या मुलास शब्दांचे अर्थ कळतात ते कोशातून कळत नाहीत, वडिलांच्या व्यवहारातून, पुऱ्या वाक्यांतून, चाललेल्या कामातून कळतात. आकलन ही आधी चालत आलेल्या व्यवहारात शिरण्याची क्रिया आहे, हा हायडेगरचा सिद्धांत ज्यास अवघड वाटेल त्याने प्रभाकराचे हे मूल डोळ्यांसमोर आणावे.

मीमांसेची याहूनही थोर गोष्ट अशी की तिने कर्त्याच्या हेतूवाचून अर्थनिर्णय कसा करावा हे शिकविले. मीमांसक वेदास अपौरुषेय मानतात. त्यास कर्ताच नाही. सबब, कर्त्याच्या मनात काय होते, हा श्लायरमाखरचा प्रश्न त्यांस विचारताच येत नाही. तात्पर्य ठरवावयाचे ते ग्रंथाच्या देहावरील खुणांवरून, आणि त्या खुणा परंपरेने सांगून ठेविल्या आहेत: आरंभ व शेवट यांचा मेळ, वारंवार आलेली गोष्ट, अन्यत्र न सापडणारी नवी गोष्ट, सांगितलेले फल, स्तुति-निंदेचा भाग, आणि युक्तिवाद. ग्रंथ लेखकापासून सुटून स्वतःच्या पायावर बोलतो असे गाडामर आणि त्याच्यानंतर फ्रान्सचा पॉल रिकर यांनी प्रतिपादिले, तेव्हा युरोपात ते धाडसाचे वाटले; मीमांसकास त्यात काहीच नवे वाटले नसते. मात्र मीमांसकाजवळ जे नाही तेही सांगितले पाहिजे. त्याच्या शास्त्रात काळाचे अंतर नाही. वेद नित्य असल्यामुळे तो कोणत्या युगात उच्चारला गेला आणि वाचक कोणत्या युगात उभा आहे हा भेद त्याच्या लेखी अर्थास स्पर्श करीत नाही. गाडामरचा सारा भर नेमका या भेदावर आहे.

मीमांसेच्या खुणा आणि काळाचे अंतर या दोहोंची एकत्र परीक्षा पाहावयाची असेल तर टिळकांचे ‘गीतारहस्य’ उघडावे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेला हा ग्रंथ सुटकेनंतर १९१५ साली प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या भाष्यकारांनी आपापल्या संप्रदायाच्या सोयीने गीता लाविली, असा टिळकांचा आक्षेप आहे, आणि तो मांडून ते मीमांसकांच्याच कसोट्या हाती घेतात. गीतेचा आरंभ अर्जुन धनुष्य खाली टाकतो येथून होतो. शेवट तो युद्धास सिद्ध होतो येथे होतो. मधे युद्ध करण्याविषयी वारंवार सांगितले जाते. तेव्हा कर्मत्याग हे या ग्रंथाचे तात्पर्य असणे शक्य नाही. युक्तिवाद भक्कम आहे. परंतु हा प्रश्न अशा धारदार रीतीने शंकराचार्यांनंतर इतकी शतके लोटल्यावर एका राजबंद्यासच का सुचावा? गाडामर म्हणेल: त्याच्या काळाने, त्याच्या कारावासाने त्यास ती दृष्टी दिली म्हणून. येथे टिळकांवर पूर्वग्रहाचा आरोप करावयाचा नाही. त्या पूर्वग्रहानेच गीतेतील एक दार उघडले. आणि बाहेरून आत आणलेला तो पूर्वग्रह उपक्रम-उपसंहाराच्या, म्हणजे आरंभ-शेवटाच्या, खुणांस सामोरा गेला, त्यांच्यापुढे त्याने आपली जबानी दिली, म्हणून त्यास व्याख्या म्हणावयाचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तेथे तीच गीता निराळी बोलली. तुरुंग सारखा होता, प्रश्न सारखा नव्हता.

ज्ञानदेवांचे उदाहरण आणखी नाजूक आहे. आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांस वाट विचारीत चाललो, असे ते ग्रंथाच्या अखेरीस नम्रपणे सांगतात. आणि तरीही सहाव्या अध्यायात, गीतेत जिचा नामनिर्देशही नाही अशा कुंडलिनीच्या जागृतीचे ते विस्ताराने वर्णन करतात. गहिनीनाथ-निवृत्तिनाथांपासून आलेला नाथपंथीय योग त्यांच्याजवळ होता आणि तो घेऊनच ते गीतेच्या ध्यानयोगापाशी गेले. कठोर पंडित म्हणेल की हा मुळात नसलेला अर्थ आहे. मला असे वाटते की ध्यानयोगाचा अध्याय जेव्हा योग्याने वाचला तेव्हा त्यात योग्याचा अनुभव उतरला, आणि तो उतरावा याची अपेक्षा अध्यायानेच निर्माण केलेली होती. ग्रंथाचे क्षितिज आणि वाचकाचे क्षितिज एकमेकांत मिसळून दोहोंहून व्यापक असे एक नवे क्षितिज तयार होते, असे गाडामर म्हणतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय हे त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

आता एकनाथांची गोष्ट पाहू. नाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते. भाविकांनी आपल्याही ओव्या त्यात घातल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवून पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये असे बजाविले. मौज अशी की नाथ स्वतः भागवताचे थोर भाष्यकार होते. एकादश स्कंधाचा अर्थ लाविताना त्यांनी आपले सारे आयुष्य त्यात ओतले. म्हणजे अर्थ वाढविण्यास त्यांची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती वाढविलेला अर्थ मूळ मजकुराच्या नावावर खपविण्यास. मुळाशी संवाद करावयाचा तर मूळ संवादास हजर पाहिजे, आपल्या विरुद्ध बोलण्यासही मोकळे पाहिजे. १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले, किंवा मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९-७३ मध्ये तुकोबांची गाथा निरनिराळ्या पोथ्या ताडून दोन भागांत छापली गेली, त्यांमागे हीच बुद्धी आहे. अमेरिकेतील हर्श या समीक्षकाने १९६७ साली गाडामरवर जो हल्ला चढविला त्याचे सार असे की शब्दाचा अर्थ एकच असतो आणि बदलते ते त्याचे आपल्या काळास वाटणारे महत्त्व. नाथांनी हा भेद ग्रंथ लिहून मांडला नाही, हाताने करून दाखविला.

इतके झाल्यावर गाडामरचे मुख्य म्हणणे सांगणे सोपे जाते. आकलन, व्याख्या आणि उपयोजन या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आधी अर्थ समजून घ्यावयाचा आणि मग तो आपल्या परिस्थितीस लागू करावयाचा, ही समजूत त्याने चुकीची ठरविली. उपयोजन हे आकलनाच्या पोटातच आहे. यासाठी त्याने आदर्श म्हणून कवी किंवा धर्मगुरू न निवडता न्यायाधीश निवडला: समोरच्या कज्ज्यास कायदा लावताना न्यायाधीश कायद्याचा अर्थ केवळ वापरीत नाही, तो पुरा करतो.

रहाटणीत हे समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. गेल्या काही दशकांत येथील शेतजमिनीवर गृहसंकुले उठली आणि जी जमीन ज्वारी-बाजरीच्या हिशेबाने मोजली जात होती ती चौरस फुटांच्या हिशेबाने मोजली जाऊ लागली. त्याबरोबर सातबाऱ्यावरील वारसनोंदी, फेरफार, आणि बहिणींनी भावांच्या लाभात करून द्यावयाची हक्कसोडपत्रे यांस कधी नव्हते ते मोल आले. या कागदांच्या मुळाशी एक भाष्य आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली, आणि वडिलार्जित मिळकतीत पुत्रास जन्मतःच स्वत्व प्राप्त होते असा सिद्धांत तीत स्थापिला. बंगालच्या जीमूतवाहनाने त्याच स्मृतिवाङ्मयातून उलट निर्णय काढला: पित्याच्या स्वत्वाचा अंत झाल्याखेरीज पुत्रास स्वत्व नाही. दोन टीकांनी दोन प्रांतांतील कुटुंबांचे कायदे निराळे करून टाकले. महाराष्ट्रात मिताक्षरेचा अंमल राहिला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मात्र, मिताक्षरेशी विरोध येईल तेथे, पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’स न्यायालयांनी वरचे स्थान दिले.

१९९४ साली महाराष्ट्राने, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने, हे जन्मतः मिळणारे सहदायकत्व मुलींसही दिले. २००५ च्या दुरुस्तीतील शब्द थोडे आहेत, आणि त्या थोड्या शब्दांवर वाद माजला: त्या तारखेस वडील हयात नसतील तर मुलीस हक्क मिळतो काय? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात वडील हयात असणे आवश्यक मानले. २०१८ साली दानम्मा विरुद्ध अमर या खटल्यात वडील २००१ सालीच वारलेले असूनही मुलींस हिस्सा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की हा हक्क जन्माने येतो, सबब वडील त्या तारखेस हयात असण्याची गरज नाही. कलमातील एक अक्षरही मधल्या काळात बदलले नव्हते. ते कलम पास झाले तेव्हाच त्याचा हा अर्थ होता काय, की २०२० साली तो झाला? गाडामर म्हणेल की हा प्रश्न दोन तुकडे करून विचारण्यातच चूक आहे: कज्जे पुढे आले तेव्हा कलमास आपले म्हणणे पुरे करण्याची संधी मिळाली. आणि ज्या आधारावर त्याने ते पुरे केले तो जन्मतः स्वत्वाचा आधार विज्ञानेश्वराचा होता. ज्या टीकाकाराच्या मनात मुलगी सहदायक म्हणून कधी आलीही नसेल त्याच्याच सिद्धांताने तिला आत घेतले. कर्त्याच्या हेतूपलीकडे अर्थ जातो म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

आता या शास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्न. गाडामर परंपरेवर विश्वास ठेवतो. ज्ञानोदयाच्या युगाने सर्व पूर्वग्रहांविरुद्ध जी मोहीम उघडली तोही एक पूर्वग्रहच होता असे तो म्हणतो. वाचक परंपरेच्या आत उभा आहे, तिने त्यास घडविले आहे, आणि ग्रंथाने आजवर जे परिणाम घडविले त्यांच्या इतिहासापासून ग्रंथाचा अर्थ तोडता येत नाही. यावर १९६७ साली हाबरमास या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने विचारले की परंपरेतील संवादच जर सत्तेने आणि पिळवणुकीने विकृत केलेला असेल तर काय? ज्यास बोलूच दिले नाही त्याच्या मौनास संमती म्हणावयाचे काय? या वादाचा गौरव पाठ्यपुस्तकांतून होतो आणि तो योग्यच आहे. परंतु आमच्या प्रांतात हा वाद त्यापूर्वी अधिक प्रखर रूपात मांडला गेला होता, आणि तो तत्त्वज्ञान म्हणून वाचला गेला नाही ही या विषयातील मोठी उणीव आहे.

१८७३ साली ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी वराह, नरसिंह, वामन, परशुराम यांच्या कथा आक्रमकांच्या विजयाचा इतिहास म्हणून उलट्या वाचल्या, वामनाने पाताळात घातलेला बळी हा कुणब्यांचा राजा ठरला. पुराणाविरुद्ध त्यांनी पुरावा आणला तो पुराणाबाहेरच्या परंपरेचा: बळीचे राज्य पुन्हा यावे अशी जी इच्छा सणाच्या दिवशी बायका घराघरांतून बोलून दाखवितात, तिचा. रिकरने १९६५ साली मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांस संशयाच्या व्याख्येचे आचार्य म्हटले. त्या नामावळीत फुल्यांचे नाव घातल्याशिवाय मराठी माणसाने ती पुरी मानू नये. त्यांच्या व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रास मान्य होणार नाहीत, पण कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे हा त्यांचा प्रश्न व्युत्पत्तींवर अवलंबून नाही.

आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी ‘जातिभेदाचे निर्मूलन’ हे भाषण लिहिले. मंडळाने आक्षेप घेऊन परिषद रद्द केली आणि भाषण पुस्तकरूपाने निघाले. त्यात एक युक्तिवाद असा आहे की त्याचे महत्त्व व्याख्यामीमांसेच्या अभ्यासकास विशेष वाटावे. सुधारक म्हणत असत की शास्त्रांत जातिभेद सांगितलेलाच नाही, व्याकरणाने आणि तर्काने नीट वाचले तर त्यांचा अर्थ निराळा निघतो. आंबेडकर उत्तर देतात की शास्त्रांचा नीट वाचून काय अर्थ निघतो यास महत्त्व नाही. लोकांनी त्यांचा काय अर्थ घेतला आहे यास महत्त्व आहे. गांधींनी ‘हरिजन’मधून उत्तर देताना संतांच्या आणि सुज्ञांच्या अनुभवातून शास्त्रार्थ काढावा असे सुचविले, आंबेडकरांस ते पटले नाही. जमिनीच्या कज्ज्यात कागद एक सांगतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दुसरेच सांगते, आणि ज्याच्या पायाखालची वाट अडविली आहे त्याच्यापुढे नुसता कागद धरून भागत नाही, तशी आंबेडकरांची भूमिका आहे. अर्थालाही वहिवाट असते. गाडामरने परिणामांच्या इतिहासाचा सिद्धांत मांडण्याच्या चोवीस वर्षे आधी त्यांनी तो मांडला, आणि त्यातून गाडामरच्या नेमका विरुद्ध निष्कर्ष काढला: अर्थ जर खरोखरच वहिवाटीने ठरत असेल, तर वाईट वहिवाटीवर चांगल्या व्याख्येचा उतारा चालणार नाही, ग्रंथाचे प्रामाण्यच नाकारावे लागेल. बुद्ध आणि नानक यांनी तेच केले असे ते म्हणतात. माझ्या मते गाडामरच्या ग्रंथात या आक्षेपास पुरेसे उत्तर नाही. न्यायाधीशाचा आदर्श येथे कामास येत नाही, कारण न्यायाधीशास कायद्याचे प्रामाण्य आधीच मान्य असते.

तथापि आंबेडकर नकारापाशी थांबले नाहीत, आणि या शास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या जीवनाचा तो भाग तितकाच महत्त्वाचा आहे. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यात ते स्वतः व्याख्याकार म्हणून उभे राहिले. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा त्यांनी स्वीकारली नाही, कारण एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोवर ही दृश्ये पाहिलीच नव्हती हे बुद्धीस पटण्याजोगे नाही. तिच्या जागी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि त्यात युद्धास सिद्धार्थाने केलेला विरोध त्यांनी ठेवला. मग हे वचन बुद्धाचे आणि हे नव्हे, हे कशावरून ठरवावयाचे? त्यांनी कसोट्या सांगितल्या. बुद्ध हा बुद्धिनिष्ठ होता, म्हणून जे बुद्धीस आणि तर्कास धरून आहे ते त्याचे मानता येईल. मनुष्याच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत तो पडला नाही, म्हणून तसली चर्चा त्याच्या माथी मारू नये. आणि तिसरी कसोटी अशी की बुद्धाने विषयांची दोन भागांत वाटणी केली होती: ज्यांविषयी त्यास निश्चिती होती ते आणि ज्यांविषयी नव्हती ते, दुसऱ्या भागातील त्याची मते ही त्याने तात्पुरती म्हणूनच सांगितली. पहिल्या दोन कसोट्यांविषयी शंका घेता येते की त्या व्याख्याकाराने बाहेरून आणल्या. तिसरी मात्र वक्त्याच्या बोलण्याच्या रीतीतूनच घेतलेली आहे, आणि मीमांसकांच्या सहा खुणांत ती नाही, श्लायरमाखरच्या नियमांतही नाही: ग्रंथाने जे जितक्या खात्रीने म्हटले तितक्याच खात्रीने ते वाचकापर्यंत पोहोचविणे, अधिकही नाही आणि उणेही नाही, ही जबाबदारी तिने टीकाकाराच्या शिरावर ठेविली.